न बदलणारे जिल्हे

"जिल्हे काही बदलत नाहीत हो," असं मी 2013 साली भर मीटिंगमध्ये म्हणालो होतो. ग्राहकांची बिलं काढणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमसाठी महाराष्ट्राचे तेव्हाचे 35 जिल्हे इंग्रजी अक्षरानुक्रमे जावा भाषेतल्या ईनममध्ये, म्हणजे कोडातच लिहिलेल्या ठरावीक यादीत, ओळीने बसवले आणि चहाला गेलो. वेगळं काही सांगितलं नाही तर जेपीए (जावातली माहिती डेटाबेसात ठेवण्याची ठरलेली पद्धत) ईनमचं नाव साठवत नाही, शून्यापासूनचा क्रमांक साठवतं, हे मला ठाऊक होतं. त्याने काय होतं, ते ठाऊक नव्हतं.

1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. मी शिस्तीचा माणूस. पालघरला उस्मानाबाद आणि परभणीच्या मधे, त्याच्या हक्काच्या जागी बसवलं. दुसऱ्या दिवशी परभणीचे सगळे ग्राहक पालघरात, पुण्याचे परभणीत आणि रायगडचे पुण्यात. रायगडवाल्यांची एकही तक्रार आली नाही. पुण्याहून मात्र पहिलाच फोन आला: "आमच्या बिलावर परभणी कोणत्या आधारावर छापलंत?"

मग ईनम मोडून डेटाबेसात जिल्ह्यांचं रीतसर टेबल केलं. ग्राहक सेव्ह करताना न्यू म्हणून कोरा जिल्हा बनवायचा, त्यात 'नाशिक' भरायचं, असा माझा सरळ हिशेब. जेपीएचं प्रत्यक्ष काम करणारं हायबरनेट किंचाळलं: हा ऑब्जेक्ट ट्रान्झियंट आहे, म्हणजे अजून डेटाबेसात नाही, आधी सेव्ह करा. शेजारचा म्हणाला, "कॅस्केड ऑल टाक की!" म्हणजे ग्राहकाचं जे होईल, तेच त्याच्या जिल्ह्याचंही. टाकलं. एरर गेली आणि आठवड्यात टेबलात 41 नाशिक जमा झाले. जो तो आपलं नाशिक घरून घेऊन आलेला. पुढे पुण्याचा एक ग्राहक डिलीट केला, तर कॅस्केडने त्याच्यामागोमाग पुणे जिल्हाच काढायला घेतला. बाकीच्या ग्राहकांना पुण्याशी बांधणारी फॉरेन की आडवी पडली म्हणून पुणे वाचलं.

खरं तर जिल्ह्याचा आयडी हातात असला की जेपीएचं गेट-रेफरन्स पुरतं. जिल्ह्याची नुसती प्रॉक्सी, म्हणजे आयडीपुरता बदली खेळाडू, मिळते, डेटाबेसाला क्वेरीसुद्धा जात नाही. पाकिटावर पिनकोड लिहायला आपण पोस्टमास्तरांना घरी बोलावतो का?

इतकं पोळल्यावर जिल्ह्याला इम्यूटेबलचं, म्हणजे 'हा बदलणार नाही' असं सांगणारं, अॅनोटेशन लावलं, वर रीड-ओन्ली कॅश, म्हणजे मेमरीत ठेवलेली, फक्त वाचायची प्रत. 2023 साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. मी कोडातून, सेटरने, नाव बदललं. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि बदललेलं नावही नाही! इम्यूटेबलवरचा बदल हायबरनेट चकार शब्द न काढता गिळतं. शेवटी थेट डेटाबेसात हाताने अपडेट मारला. तिथे धाराशिव, पडद्यावर उस्मानाबाद. कॅश अजून जुन्या आठवणींत. रात्री सर्व्हर रीस्टार्ट केला तेव्हा कुठे तिला जाग आली.

आता तालुक्यांचं टेबल करायचंय. नवा मुलगा म्हणाला, "सर, ईनम टाकू ना? तालुके काही बदलत नाहीत."

मी त्याला चहाला घेऊन गेलो.