आधी भाषा, मग यंत्र
बरोज कंपनीचं बी ५००० हे संगणक-यंत्र 'स्टॅकच्या हट्टापायी मागे पडलं' हे एका लेखातलं विधान काही पटलं नाही. स्टॅक म्हणजे किमतींची चळत, शेवटी ठेवलेली आधी निघते. १९६१ मध्ये जाहीर झालेल्या या यंत्राची आखणी रॉबर्ट बार्टन आणि मंडळींनी अल्गोल ६० ही प्रोग्रामिंगची भाषा समोर ठेवून केली. इतरांचं तेव्हा उलटं, आधी यंत्र, मग कंपायलरवाल्यांनी (भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या सूचनांत बदलणाऱ्यांनी) बघून घ्यावं! बेरजेसाठी दोन किमती स्टॅकवर ठेवायच्या आणि 'बेरीज' म्हणायचं, मेमरीतले पत्ते द्यायलाच नकोत. म्हणून ४८ बिटांच्या एका शब्दात १२ बिटांच्या चार सूचना मावत. स्टॅकचा माथा दोन रजिस्टरांत (प्रोसेसरमधल्या झटपट जागांत), बाकी मेमरीत. ती ये-जा वेळखाऊ, हे मान्य. पण अ‍ॅरेची (ओळीने ठेवलेल्या किमतींची) हद्द ओलांडली की हार्डवेअरच अडवायचं. सी भाषेमध्ये असल्या चुका शोधत रात्री जागवलेल्या माझ्यासारख्याला याचा हेवाच वाटतो.