हरित द्रावकांचा अर्धाच सांगितलेला हिशेब

"साली, बिया, चोथा म्हणजे फुकटचा खजिना. हरित द्रावक वापरा, त्यातले मौल्यवान घटक बाहेर काढा. ना विष, ना ऊर्जेचा खर्च, ना मागे कचरा. हेक्झेनचे दिवस भरले." या आशयाचा मजकूर बराच फिरतो आहे. (हेक्झेन हे तेल वगैरे काढायला वापरले जाणारे पेट्रोलियमजन्य द्रावक; हरित द्रावक म्हणजे त्याच्या जागी सुचवले जाणारे, कमी घातक म्हणवणारे द्रावक.) खजिन्याचे म्हणणे खरेच आहे. टोमॅटोच्या सालीत लायकोपीन असते, कांद्याच्या सालीत क्वेर्सेटिन, संत्र्याच्या सालीत लिमोनीन आणि पेक्टिन. घोळ आहे तो पुढच्या दाव्यांत.

"नैसर्गिक म्हणजे निर्धोक." हेक्झेन मज्जातंतूंना इजा करते, त्याला पर्याय शोधायलाच हवा. पण पर्याय म्हणून मिरवणारे लिमोनीन हवेत ऑक्सिडीकरण झाले की त्वचेला ॲलर्जी आणते, आणि जलचरांना तर ते तसेही घातक ठरते. वाफ होत नाही म्हणून आयनिक द्रवांनाही (कमी तापमानालाच द्रव असणाऱ्या क्षारांनाही) एकेकाळी सरसकट हरित म्हटले गेले. त्यातले काही पुढे जलचरांना विषारी निघाले.

"ऊर्जा लागत नाही." सगळ्यात मोठी थाप हीच. घटक द्रावकात उतरवणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे म्हणजे तो द्रावकातून सोडवणे, आणि त्याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही. हेक्झेन 69 अंश सेल्सिअसला उकळते, लिमोनीन 176 अंशांना. एवढे तापवायचे तर इंधन जास्त, आणि नाजूक घटकांची वाट लागण्याची भीती.

डीप युटेक्टिक द्रावकांची, म्हणजे सुट्या घटकांपेक्षा खूपच कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रणांची, गंमत और आहे. 302 अंशांना वितळणारे कोलीन क्लोराइड आणि 133 अंशांना वितळणारा युरिया 1:2 प्रमाणात मिसळले, तर 12 अंशांनाच द्रव होतो. रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू ॲबट आणि सहकाऱ्यांनी हे 2003 मध्ये मांडले. या जातीच्या द्रावकांत पॉलिफेनॉल (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट संयुगे) छान उतरतात. पण बरेचसे द्रावक मधासारखे घट्ट असतात. पातळ करायला पाणी घालावे, तर जास्त पाण्याने त्यांच्या रेणूंना जोडून ठेवणारी हायड्रोजन बंधांची वीणच उसवते. शिवाय ते उडून जात नाहीत. कामगाराच्या फुप्फुसांसाठी हा गुण, अर्क वेगळा करणाऱ्यासाठी डोकेदुखी: रेझिनवर (घटक चिकटवून घेणाऱ्या दाण्यांवर) घटक धरा, द्रावक धुऊन काढा, घटक इथेनॉलने सोडवा, मग ते इथेनॉल उडवा. द्रावकासकटच अर्क वापरता आला, उदाहरणार्थ काही सौंदर्यप्रसाधनांत, तर मात्र हा सगळा खटाटोप वाचतो.

सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडला ही अडचण नाही. 31 अंश आणि सुमारे 74 बार दाबाच्या पुढे तो द्रावकासारखा वागतो, दाब सोडला की वायू होऊन निघून जातो. कॉफीतले कॅफीन असे काढतातही. पण त्यासाठी दाब सोसणारी महागडी पात्रे आणि पंप लागतात, आणि पॉलिफेनॉलसाठी जोडीला बहुधा इथेनॉल घ्यावे लागते.

"कच्चा माल फुकट." ओल्या चोथ्यात बहुतांश पाणीच. तो लवकर आंबतो, म्हणून लगेच वापरा नाहीतर वाळवा. दोन्हींना पैसे पडतात. सालीवर कीटकनाशकांचा अंश असेल तर अर्कात त्याचीही तीव्रता वाढू शकते.

"मागे कचरा नाही." हवे ते घटक थोडेच, चोथ्याचा मोठा भाग शिल्लक राहतो, तोही द्रावकात भिजलेला.

राहता राहिले हेक्झेन. तेलबियांच्या उद्योगात ते अजून ठाण मांडून आहे, कारण ते स्वस्त आहे आणि सहज परत मिळते. 2-मिथाइलऑक्सोलेन हा त्याचा गंभीर प्रतिस्पर्धी: शेतातल्या अवशेषांपासून मिळणाऱ्या फरफ्युरलपासून बनतो, सुमारे 80 अंशांना उकळतो, आणि 2023 मध्ये युरोपीय संघाने अन्नघटकांच्या निष्कर्षणासाठी त्याला परवानगीही दिली. मात्र साठवणीत त्याचे स्फोटक पेरॉक्साइड बनू शकतात, त्यावर नजर ठेवावी लागते.