शांततेला निघालेली वरात

कोल्हापुरात राहून शांततेची आवड असणं ही मोठी गैरसोय आहे. सकाळी कट्ट्यावर फुटबॉल, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि राजकारण, रात्री तालमीच्या दारात दोन्हींची उजळणी. म्हणून आमचे वकीलसाहेब जेव्हा म्हणाले, "दाजीपूरला गर्दी असते, या खेपेला चांदोलीच्या जंगलात, आडबाजूला जाऊ, पाठीला सॅक लावून, पायी," तेव्हा मी लगेच होकार दिला. दुसऱ्या दिवशी कळलं, की निवांतपणासाठी माझा मेव्हणा, दाजी आणि शिवाजी पेठेतला एक तालीमवालाही निघालाय.

मी साठ लिटरची सॅक आणली. दाजींनी ती उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "म्हशीचं का गाईचं?"

सॅक मोठी असली की ती आपली राहत नाही, गावाची होते. "तुझ्यात जागा हाय" म्हणत जो तो काहीतरी कोंबून गेला. भडंगाचे पुडे. काचेच्या बरणीत कांदा-लसूण चटणी, कारण प्लॅस्टिकच्या डब्यात म्हणे तिची चव मरते. मेव्हण्याचा ब्लूटूथ स्पीकर. आणि तालीमवाल्याचा दगडी खलबत्ता. थंडाईसाठी. मिक्सरमधली थंडाई अंगी लागत नाही, यावर त्याची वस्तादांइतकीच श्रद्धा आहे. आता जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध ठेवावी, म्हणजे तोल जात नाही, असं ट्रेकिंगचं शास्त्र सांगतं. त्या शास्त्राप्रमाणे खल माझ्या मणक्याला टेकून बसला. बत्ता सुटा होता. तो प्रत्येक पावलाला खलाशी काहीतरी बोलायचा.

बांबवडे, कोकरूड, आरळा करत मणदूरला पोचलो. पायी फिरायची परवानगी आधीच काढली होती. चौकीवर बजावून सांगितलं, की राष्ट्रीय उद्यानात रात्री मुक्काम चालत नाही, दिवस मावळायच्या आत बाहेर. म्हणजे तंबूचं काम तिथंच संपलं. तरीही तो आत आला. "ऊन लागलं तर?" असं वकीलसाहेब म्हणाले, आणि तंबू माझ्या सॅकवर आडवा बांधला गेला.

सोबत गावातले एक मामा वाटाड्या म्हणून होते. हातात काठी, पायात चपला, खांद्यावर पाण्याची एक बाटली. त्यांच्याकडे बघून मला माझ्या बुटांची, सॅकची आणि सॅकच्या बिलाची एकदमच लाज वाटली. मामांनी एकच सूचना केली, "गप चला."

ही सूचना कोल्हापूरकराला करणं म्हणजे सक्त मजुरीच. पहिल्या चढालाच वकीलसाहेबांनी चांदोलीची बाजू मांडायला घेतली. 2004 साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 317 चौरस किलोमीटर, पसारा चार जिल्ह्यांत. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाबरोबर नाव. आवाज असा, की समोरच्या डोंगरावरून तारीख पडावी. मामा थांबले. म्हणाले, "सायेब, ह्ये समदं जनावरास्नी म्हाईत हाय."

मग दाजींनी चटणीची बरणी उघडली. वारा आमच्या पाठीकडून होता. "गव्याचं नाक लई तिखट असतंय," मामा म्हणाले. "माणूस मागनं पोचतो, वास आदी." दाजींनी झाकण लावलं, पण बोटं चाटत बसले. त्यांच्या मते गवा बघायला एवढं चालायची गरजच नव्हती. हल्ली गवे उसाच्या कडेनं पार शहराच्या वेशीवर येतात. त्यात खोटं काही नाही, पण चढ चढताना असं कोणी बोलू नये.

सड्यावर आलो. जांभ्या दगडाचं सपाट रान, माती इंचभर, म्हणून वर गवत आणि खाली उतारांवर दाट झाडी. अंजनीच्या उघड्या फांद्यांवर निळी-जांभळी फुलं लगडली होती. एका जुन्या आंब्याजवळ मामा काठी टेकून उभे राहिले. गवतात जोत्याचे दगड दिसत होते. उद्यानासाठी इथली गावं उठली, तेव्हा माणसं खाली सपाटीला गेली. आंबे इथंच राहिले. "हितं आमच्या आत्याचं घर," मामा म्हणाले. "आता सांबरं चरत्यात."

आणि आम्ही सगळे गप्प झालो. खरोखर. लांब एक शेकरू खडखडलं, तेवढंच. उजवीकडच्या कारवीत काहीतरी जड हललं. मामांनी हात वर केला. काळीभोर पाठ, खाली गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातलेले पाय. मी श्वास धरला.

"बॅटरी लो," माझ्या पाठीतून एक बाई स्पष्ट इंग्रजीत म्हणाली.

स्पीकर सकाळपासून चालूच होता. कारवी कडाडकड मोडत गेली, आणि हजार किलोच्या आसपासचा तो ऐवज उताराला दिसेनासा झाला. "अर्धाच बघितला मर्दा," तालीमवाला हळहळला. मेव्हण्याला मात्र काळजी पडली, की आता परतीच्या वाटेवर गाणी कशी लावायची.

चौकीवर वनरक्षकानं विचारलं, "काय दिसलं?" वकीलसाहेब तोंड उघडणार, तेवढ्यात मामाच म्हणाले, "ह्यास्नी अर्दा गवा दिसला. ह्यास्नी मातूर समद्या जंगलानं बघितलं."

सॅक उतरवायला मामांनी हात दिला आणि ते खाली वाकलेच.

"काय भरलंय ह्यात?"

"खलबत्ता."

"कशाला?"

"बदाम वाटायला," तालीमवाला म्हणाला.

मामांनी सॅक जपून खाली ठेवली. "मग काडा की बदाम."

तालीमवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मी मेव्हण्याकडं, मेव्हण्यानं दाजींकडं.

"ते घरी राहिलं व्हय," दाजी म्हणाले.