स्टालिनची वानरसेना आणि घोड्यांचा डॉक्टर

एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे, कधी फॉरवर्ड म्हणून, कधी भीतिदायक संगीत लावलेल्या व्हिडिओतून. सारांश असा: स्टालिनला न थकणारे, वेदना न जाणवणारे, मिळेल ते खाणारे सैनिक हवे होते. त्याने इल्या इव्हानोव नावाच्या वेड्या शास्त्रज्ञाला माणूस आणि चिंपांझी यांचा संकर करण्याचा हुकूम दिला. प्रयोग फसला आणि इव्हानोव तुरुंगात गेला.

इव्हानोव खरा, चिंपांझी खरे, संकराचा प्रयत्नही खरा. म्हणून तर ही भाकडकथा टिकून आहे.

आधी 'स्टालिनचा हुकूम'. संकराची कल्पना इव्हानोवने 1910 साली ऑस्ट्रियातल्या ग्राट्स इथे प्राणिशास्त्रज्ञांच्या परिषदेत जाहीरपणे मांडली होती. तेव्हा रशियात झारचं राज्य होतं आणि स्टालिनकडे हुकूम सोडायला काही नव्हतं. पुढे 1924 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने फ्रेंच गिनीतलं (पश्चिम आफ्रिकेतली फ्रेंच वसाहत) आपलं माकड-केंद्र वापरायची परवानगी दिली, आणि पैशांसाठी इव्हानोव स्वतःच सरकारदरबारी खेटे घालू लागला. शिक्षणमंत्री लुनाचार्स्कीकडून काही हाती लागलं नाही. 1925 मध्ये गोर्बुनोव या अधिकाऱ्याने बाजू उचलून धरली, तेव्हा विज्ञान अकादमीकडून 10,000 डॉलर मिळाले. म्हणजे मागणी शास्त्रज्ञाची होती. हुकूम कुणाचाच नव्हता.

मग सेना कुठून आली? या प्रयोगाच्या समर्थकांची भाषा पाहिली तर ती डार्विन खरा ठरवण्याची आणि धर्माला शह देण्याची आहे. स्टालिनच्या तोंडी घातलेलं 'मला अजिंक्य माणूस हवा' हे वाक्य 2005 साली एका स्कॉटिश वृत्तपत्रातून जगभर पसरलं. त्याला आधार देणारा अभिलेखागारातला कागद आजवर कुणी दाखवलेला नाही. शिवाय साधा हिशेब करा. असं पिल्लू जन्मलंच असतं, तरी ते लढण्याच्या वयाचं व्हायला पंधरा-वीस वर्षं गेली असती. एवढा धीर धरणारा सेनापती मला तरी माहीत नाही.

'वेडा शास्त्रज्ञ' या शब्दांवर जरा थांबायला हवं, कारण या माणसाचं खरं काम तिथेच गाडलं जातं. 1870 मध्ये जन्मलेला इव्हानोव हा मुळात पशुप्रजननाचा माणूस. नैसर्गिक पद्धतीने एक घोडा हंगामात वीस-तीस घोड्या फळवतो. इव्हानोवने कृत्रिम रेतनाने तो आकडा पाचशेपर्यंत नेला. कुत्रीवर असा प्रयोग अठराव्या शतकात इटलीच्या स्पालान्झानीने केला होता, पण रोजच्या व्यवहारात वापरता येईल असं तंत्र घडवलं ते इव्हानोवने, आणि 1901 मध्ये घोड्यांसाठी केंद्रही काढलं. गाई-मेंढ्यांपर्यंतही ते तंत्र गेलं. 1936 मध्ये डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांची कृत्रिम रेतनाची सहकारी संस्था उभी राहिली, ती रशियातलं काम पाहूनच. आज आपल्याकडे गाय माजावर आली की डॉक्टर मोटरसायकलवर रेताच्या कांड्या घेऊन गोठ्यात येतो. ती वाट मागे रशियाच्या घोड्यांपर्यंत जाते.

झेब्रा आणि गाढव, बायसन आणि गाय असे संकर इव्हानोवने हाताळले होते. त्यामुळे पुढची उडी त्याला अशक्य वाटली नाही. 'माणसाची गुणसूत्रं 46, चिंपांझीची 48, एवढंही कळत नव्हतं?' असं हिणवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. माणसाची गुणसूत्रं 46 आहेत हे 1956 मध्ये कळलं. आणि घोड्याची 64, गाढवाची 62 असूनही खेचर जन्मतंच.

काही व्हिडिओ 'गुप्तपणे जन्मलेल्या' संकरांबद्दल बोलतात. प्रत्यक्षात फेब्रुवारी 1927 मध्ये गिनीत दोन चिंपांझी माद्यांना मानवी रेत दिलं गेलं, जूनमध्ये तिसरीला. एकही गाभण राहिली नाही. संपलं.

आता फॉरवर्ड काय गाळतो ते पाहा. इव्हानोवला गिनीतल्या रुग्णालयात स्त्रियांवर, त्यांना न सांगता, चिंपांझीच्या रेताचा प्रयोग करायचा होता. वसाहतीच्या गव्हर्नरने नकार दिला. विज्ञान अकादमीलाही हे कळल्यावर ते रुचलं नाही. पुढे काळ्या समुद्राकाठच्या सुखुमी इथल्या सोव्हिएत माकड-केंद्रासाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या स्त्रियांचा शोध सुरू झाला. लेनिनग्राडमधून एका स्त्रीचं पत्रही आलं. पण 1929 मध्ये केंद्रातला एकमेव प्रौढ नर, टार्झन नावाचा ओरांगउटान, मेंदूत रक्तस्राव होऊन मेला आणि बेत रखडला. राक्षसी सैनिकांच्या गोष्टीपुढे गिनीतल्या त्या बायका कुणाला आठवत नाहीत. मला मात्र या प्रकरणातला खरा गुन्हा तोच वाटतो, आणि तो करायला इव्हानोवला कुणा हुकूमशहाने भाग पाडलं नव्हतं.

राहिला तुरुंग. डिसेंबर 1930 मध्ये इव्हानोवला अटक झाली हे खरं. पण ती शेती आणि पशुवैद्यकातल्या तज्ज्ञांवर आलेल्या धाडसत्राची लाट होती, आणि आरोप प्रतिक्रांतिकारक संघटनेत असल्याचा होता. पाच वर्षांसाठी हद्दपारी झाली ती कझाकस्तानातल्या अल्माअताला. तिथल्या पशुवैद्यक संस्थेत इव्हानोवने पुन्हा काम धरलं. 20 मार्च 1932 रोजी तिथेच पक्षाघाताने मृत्यू आला. मृत्युलेख लिहिला तो कुत्र्यांवरच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या इव्हान पाव्हलोव्ह या शास्त्रज्ञाने.