सालाझारशाहीच्या गौरवाला उत्तर

अंतोनियो सालाझार 1932 ते 1968 अशी 36 वर्षे पोर्तुगालचा पंतप्रधान होता. त्याच्याविषयी एक दावा आवडीने पुढे पाठवला जातो. त्याने स्वतः पैसा खाल्ला नाही, बुडालेल्या देशाची तिजोरी सावरली, दुसऱ्या महायुद्धाची झळ लागू दिली नाही आणि गोव्याला पोर्तुगालच्या बरोबरीचा दर्जा देऊन तेथे सुखाचे राज्य केले, असे त्यात म्हटलेले असते. या विधानांतले खरे किती, हे एकेक करून पाहिले पाहिजे.

त्याची राहणी साधी होती आणि त्याने संपत्ती जमवली नाही, हे मान्य आहे. मात्र ज्या राजवटीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसलेला होता आणि ‘पिदे’ या गुप्त पोलिसांचे हेर गावोगाव पसरलेले होते, तेथे एका माणसाच्या सचोटीचा जनतेला उपयोग किती, हा प्रश्न उरतोच. 1958 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून राजवटीला आव्हान देणारे जनरल उंबेर्तो देल्गादो यांची 1965 मध्ये पिदेच्या हस्तकांनी स्पेनच्या हद्दीत हत्या केली.

तिजोरीचे म्हणणे अर्धे खरे आहे. 1928 मध्ये अर्थमंत्री होताना त्याने प्रत्येक खात्याच्या खर्चावर नकाराधिकार मागून घेतला आणि वर्षभरात अंदाजपत्रकाची तूट भरून काढली. पण हा ताळेबंद वाढीव करांतून आणि लोकांच्या गरजांना कात्री लावून जुळवला होता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची वर्षेही कमी करण्यात आली, आणि 1970 च्या सुमारास पोर्तुगालमध्ये दर चार माणसांमागे जवळजवळ एक निरक्षर होता.

महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला, हे खरे. त्या काळात त्याने शस्त्रनिर्मितीला लागणारे टंगस्टनचे खनिज दोन्ही बाजूंना विकले, हेही खरे. 1940 च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या बोर्दो येथील पोर्तुगीज वाणिज्यदूत आरिस्तिदिश द सोझा मेंदिश यांनी सरकारी आदेश मोडून नाझींपासून पळणाऱ्या हजारो निर्वासितांना, त्यांत असंख्य ज्यूंना, व्हिसा दिले. सालाझारने त्यांना सेवेतून दूर केले आणि ते 1954 मध्ये दारिद्र्यात वारले. शिवाय ‘देशाला युद्धापासून वाचवले’ म्हणताना 1961 पासून अंगोलात, आणि पुढे पोर्तुगीज गिनी व मोझांबिकमध्ये, त्यानेच चालवलेले वसाहतींचे युद्ध विसरले जाते. ते 1974 पर्यंत चालले आणि त्यात पोर्तुगालचेच आठ हजारांहून अधिक सैनिक गेले. आफ्रिकेतल्या मृतांची संख्या त्याहून कितीतरी मोठी.

गोव्याविषयीचे विधान मात्र सर्वांत खोटे आहे, आणि ते मराठीत फिरावे याचे दुःख होते. 1930 चा वसाहतविषयक कायदा सालाझारने वसाहतखात्याचा हंगामी कारभार पाहताना आणला. सागरपारचे प्रदेश ताब्यात ठेवणे आणि तेथील लोकांना ‘सुसंस्कृत’ करणे हा पोर्तुगीज राष्ट्राच्या स्वभावाचाच भाग आहे, असे त्यात लिहिलेले होते. त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात गोमंतकीय नेते लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याचा निषेध केला होता. 1951 मध्ये घटनेत वसाहतींना ‘सागरपारचे प्रांत’ म्हटले गेले, कारण वसाहतवादाविरुद्ध जगाचे मत फिरू लागले होते. गोमंतकीयांना सभास्वातंत्र्य त्याआधीही नव्हते आणि त्यातूनही मिळाले नाही. 18 जून 1946 रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया यांनी जाहीर सभेची बंदी मोडल्यावर जी धरपकड झाली, तिच्यात सापडलेले गोमंतकीय राष्ट्रवादी नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात पाठवण्यात आले. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत शिरले, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक जण हुतात्मा झाले.

1961 च्या डिसेंबरात भारतीय सैन्य सीमेवर आल्यावर सालाझारने गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना तार पाठवली. शरणागती नको, आमचे सैनिक विजयी तरी होतील किंवा मरतील, असा तिचा आशय होता. गोव्यातल्या लोकांचे त्यात काय होईल, याची चिंता त्याने केली नाही. सुदैवाने गव्हर्नरने ती आज्ञा पाळली नाही आणि 19 डिसेंबरला शरणागती पत्करली. या अवज्ञेपायी त्यांना पुढे लष्करातून काढून टाकण्यात आले.

सांगलीहून गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले आणि तेथे मुक्तिलढ्यात उतरलेले मोहन रानडे 1955 मध्ये जखमी अवस्थेत पकडले गेले आणि नंतर त्यांना लिस्बनजवळच्या तुरुंगात नेण्यात आले. गोवा मुक्त झाल्यावरही सालाझारने त्यांना सोडले नाही. ते सुटले 1969 च्या जानेवारीत, सालाझार आजारपणामुळे पायउतार झाल्यानंतर चार महिन्यांनी.