दहा मिनिटात होईल साहेब

"दहा मिनिटात होईल साहेब, तुम्ही चहा घेऊन या" हे वाक्य ज्याने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजच्या बाजारात, ऐकलं नाही त्याने मुंबईत गाडी घेतलीच नाही असं समजा. मी ऐकलं, आणि गाढवासारखा खरंच चहा प्यायला गेलो. परत येतो तर डॅशबोर्डमध्ये नवाकोरा अँड्रॉइड स्टिरिओ, मागे रिव्हर्स कॅमेरा, फिटिंगचे 300 रुपये आणि सीटवर दोन स्क्रू. "ते एक्स्ट्रा असतात." बरं.

शुक्रवारी रात्री गाडी सोसायटीत लावली ती सोमवारी सकाळी चावी फिरवली तर नुसतं टिकटिकटिकटिक. मी आत, बाहेर वॉचमन, पेपरवाला आणि तळमजल्यावरचे काका, जे ढकलत कमी आणि "सेकंडमध्ये टाक, क्लच सोड, अरे सोड की!" ओरडत जास्त होते. गेटपाशी कशीबशी चालू झाली. पुढच्या सोमवारी तोच कार्यक्रम, फक्त पेपरवाल्याने मला लांबून बघितलं आणि सायकल वळवली. त्यात पाऊस सुरू झाला, तर ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणायला लागला. बायको म्हणाली, गाडी डोळा मारतेय लोकांना.

शेवटी भांडुपला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी स्टिरिओ खेचला, मागून वायरींचा झुपका बाहेर काढला आणि मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा दोन बोटांत धरला.

"कोणी केलं हे?"

"मित्राने," मी म्हटलं. सीएसटी रोड सांगायची लाज वाटली.

तर स्टिरिओला प्लसच्या दोन वायर असतात, पिवळी कायम बॅटरीवर, मेमरीसाठी, आणि लाल चावीवर. आमच्या कलाकाराने चावीची लाइन शोधायचा कंटाळा केला आणि दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला दिल्या, म्हणजे मी घरी घोरतोय आणि स्टिरिओ खाली जागाच. मीटर लावला, गाडी बंद असताना अर्धा अँपिअर. "दिवसाला 12 अँपिअर-अवर गेले, तुमची बॅटरी 35 ची, करा हिशोब." केला. बरोब्बर सोमवार आला.

जोडांवर नुसती काळी टेप, तिचा गोंद उन्हाने वितळून बोटांना लागत होता. मागे कॅमेऱ्याची अर्थिंग टेललॅम्पच्या अर्थिंगला गुंडाळलेली, पाणी जाऊन हिरवीगार, ब्रेकच्या करंटला परतीची वाट नाही, तो इंडिकेटरमधून पळायचा, म्हणून तो डोळा. आणि फ्यूजबॉक्समध्ये उडालेल्या फ्यूजवर सिगरेटच्या पाकिटातली चांदी!

"फ्यूज मरायलाच असतो हो. ह्याने अमर केलाय. आता वायर मरणार, मग गाडी."

हे सगळं ते इतक्या शांतपणे बोलत होते की मलाच घाम फुटला.

त्या दहा मिनिटांचं निस्तरायला चार तास लागले. प्रत्येक जोड सोल्डर, त्यावर स्लीव्ह सरकवायची, खाली लायटर धरला की ती हळूच आवळत वायरीला चिकटायची, आणि मी लहान पोरासारखा बघत उभा. शेवटी म्हणाले, "दोन स्क्रू कमी आहेत." मी गुपचूप अ‍ॅशट्रेतून काढून दिले.

बिल 1800.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकांनी कौतुकाने कॅमेरा बघितला, किती झाले विचारलं, आकडा ऐकून हसले. "वेडा आहेस. मी उद्याच कुर्ल्याला जातोय, 300 रुपयात करतात, दहा मिनिटात!"

मी काही बोललो नाही. वॉचमनला तेवढं सांगून ठेवलंय, सोमवारी जरा पोटभर नाश्ता करून ये.