आधी खाजन, मग नेदरलँड्स

गोव्यातील एका महाविद्यालयाने पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा एक गट अभ्यासदौऱ्यासाठी नेदरलँड्सला पाठवला आणि ‘खाऱ्या पाण्यापासून शेतजमिनीचे रक्षण’ हा गट-संशोधनाचा विषय त्या दौऱ्याला जोडून दिला. यावरून गोव्यातील माझ्या परिचित शिक्षकांमध्ये आणि पालकांमध्ये सध्या बराच वाद चालू आहे. ही पैसेवाल्यांच्या मुलांची सहल आहे, संशोधन केवळ नावापुरते आहे, असे एका बाजूचे म्हणणे आहे. लहान राज्यातील मुलांनी बाहेरचे जग पाहिलेच पाहिजे आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान दिले असताना असे दौरे आवश्यकच आहेत, असे दुसरी बाजू म्हणते. मी मूळची फोंडा तालुक्यातील आणि आता नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात स्थायिक झालेली. या गटाबरोबर मी एक दिवस हिंडलेही आहे. मला वाटते की दोन्ही बाजू विमानाच्या तिकिटाविषयी भांडत आहेत आणि विमानात बसण्यापूर्वी त्या मुलांनी गोव्यात काय पाहिले, हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

विषय मात्र उत्तम होता, हे आधी सांगितले पाहिजे. मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठची खाजने ही भरतीच्या पाण्यातून मिळवलेली जमीन आहे. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून, मानशीच्या, म्हणजे बांधातील पाणवाटेच्या, दारांनी पाण्याची ये-जा आवरून, आतल्या पोयीत, म्हणजे पाणी साठणाऱ्या खोलगट भागात, मासळी आणि शेतात कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात, अशी ही व्यवस्था शतकानुशतके चालत आली. बांधांची देखभाल गावकारी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी कोमुनिदाद ही संस्था, पाहत असे. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघटनांकडे गेली. आज अनेक ठिकाणी बांध खचले आहेत. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जींच्या लाटांनी ते झिजले. कोळंबी आणि मासळीच्या लोभाने मानस वेळी-अवेळी उघडी ठेवली जाते, त्यामुळे शेत खारे होते. पडीक शेतात खारफुटी उगवते आणि एकदा ती उगवली की कायद्याने तोडता येत नाही. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांच्या संरक्षणासाठी वेगळी तरतूद आहे, तरी बांधावर माती टाकायला माणूस कोण देणार, याचे उत्तर अधिसूचना देत नाही.

नेदरलँड्समध्ये नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर शोधत माणसांनी आठशे वर्षे घालवली आहेत. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. पाण्याचा कारभार पाहणारी स्वतंत्र जलमंडळे आहेत. डेल्फ्टच्या परिसराचे जलमंडळ आपला उगम १२८९पर्यंत मागे नेते. आज अशी २१ मंडळे आहेत, त्यांच्या निवडणुका दर चार वर्षांनी होतात, शेतजमीन आणि निसर्गक्षेत्रे यांच्या प्रतिनिधींसाठी काही जागा राखीव असतात आणि प्रत्येक घराला पाण्याचा वेगळा कर भरावा लागतो. १ फेब्रुवारी १९५३च्या पुरात या देशात १,८३६ माणसे दगावली आणि त्यानंतर बांधलेल्या अडथळ्यांची कीर्ती जगभर पोहोचली. रॉटरडॅमजवळचा १९९७ साली पूर्ण झालेला प्रचंड दरवाजा पाहून आपले विद्यार्थी भारावून गेले, ते स्वाभाविकच होते. परंतु गोव्याच्या दृष्टीने पाहण्याजोगी गोष्ट तो दरवाजा नसून दर चार वर्षांनी होणारी ती निवडणूक आणि तो कर आहे, असे माझे ठाम मत आहे.

एका पंपगृहात घडलेला प्रसंग सांगते. विद्यार्थ्यांनी उपग्रह-नकाशांसह नेटके सादरीकरण केले. ते संपल्यावर तेथील वयस्क अधिकाऱ्याने साधे प्रश्न विचारले: तुमच्याकडे ते दार कोण उघडतो, त्याला पैसे कोण देतो आणि रात्री बांध फुटला तर पहिला फोन कोणाला जातो? गट गप्प झाला. मग फोंडा तालुक्यातील दुर्भाट गावची एक मुलगी, जी तोपर्यंत मागे बसली होती, पुढे आली आणि तिने कागदावर मानस काढून दाखवली. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा लाकडी दार आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडते, त्या वेळी दाराशी जाळे लावून मासळी धरतात, मासळी धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी व्हावी असा रिवाज आहे, हे सगळे तिने आपल्या आजोबांकडून ऐकलेले सांगितले. अधिकाऱ्याने दाराला कोणते लाकूड वापरतात आणि ते किती वर्षे टिकते, असे विचारले. ते तिला ठाऊक नव्हते. त्या अर्ध्या तासात जे घडले ते खरे संशोधन होते, आणि त्यातील प्रत्येक अनुत्तरित प्रश्नाचे उत्तर दुर्भाटला किंवा दिवाडीला दोन शनिवार जाऊन मिळाले असते. प्राध्यापकांनी हे आधी करून घेतले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण मुलांमध्ये उत्साह आणि बुद्धी यांची कमतरता मुळीच नव्हती.

येथील तंत्रविद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थीही लहान गट करून परदेशी जातात आणि तेथे दोनेक महिने राहतात. जाण्यापूर्वी प्रश्न ठरलेला असतो, तो विचारणारी संस्था ठरलेली असते आणि गटात कोण मोजमाप घेणार, कोण मुलाखती घेणार, कोण लिहिणार याची वाटणी झालेली असते. आपल्याकडे गट-संशोधन म्हणजे पुष्कळदा एकाने लिहायचे आणि इतरांनी सही करायची. ही सवय महाविद्यालयाच्या अंगणातच मोडावी लागेल, ती परदेशात आपोआप मोडत नाही.

खर्चाचा आक्षेप मी हलका मानत नाही. शेंगेन व्हिसाचे शुल्कच २०२४पासून प्रौढांसाठी ९० युरो झाले आहे, त्यावर विमान आणि निवास. गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज पारपत्र आहे त्यांना व्हिसाची गरज नाही, म्हणजे एकाच वर्गातील मुलांसाठी दौऱ्याचा भार सारखा नाही. म्हणूनच निवड ऐपतीवर होऊ नये. संपूर्ण वर्गाने वर्षभर खाजनावर काम करावे, त्यातून दोन-चार जणांना महाविद्यालयाच्या खर्चाने पाठवावे, आणि त्यांनी परतल्यावर उरलेल्यांबरोबर अहवाल लिहावा. खाजनाच्या गावातील मुलगी अशा निवडीत मागे बसणार नाही.

नेदरलँड्सकडे सगळी उत्तरे आहेत असा समजही कोणी करून घेऊ नये. झीलँड प्रांतात हेडविगे नावाचे पोल्डर, म्हणजे बांध घालून कोरडी केलेली शेतजमीन, निसर्गासाठी २०२२ साली पुन्हा भरतीच्या पाण्याला खुले केले गेले, आणि पूर्वजांनी समुद्राकडून मिळवलेली जमीन परत देण्याविरुद्ध तेथील लोक वर्षानुवर्षे लढले. खारफुटी की भात, हा आपल्याकडचा वाद येथेही वेगळ्या रूपात चालू आहे. आमच्या पाहुण्या गटाच्या कार्यक्रमपत्रिकेत या पोल्डरचे नाव नव्हते. ते असते, तर गोव्याच्या शेतकऱ्याला आणि वन खात्याला सांगण्यासारखे बरेच काही त्यांच्या हाती लागले असते.

अहवाल आता इंग्रजीत तयार होत आहे, असे कळते. त्याची एक मराठी किंवा कोकणी प्रत ज्या गावांची खाजने त्यात उल्लेखली आहेत तेथील कुळांच्या संघटनांपुढे वाचून दाखवावी, त्यांचे आक्षेप नोंदवावे आणि मगच गुण द्यावेत, अशी सूचना मी प्राध्यापकांना पत्राने केली आहे. पुढच्या वर्षीचा गट येणार असेल, तर येथील ओळखीच्या दोन निवृत्त अभियंत्यांशी मी बोलून ठेवले आहे. विद्यार्थी येण्यापूर्वी त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: निदान एका मानशीच्या दाराची मापे, गेल्या काही वर्षांतील पावणीचा हिशेब आणि बांध फुटल्याच्या तारखा. हे कागद डिसेंबरपर्यंत मिळाले, तर दौऱ्याचा कार्यक्रम त्यांच्या आधारे आखता येईल.